कुईच्या तोंडाशी तीजा

तीजा भित्री आहे, हे आमच्या ढाणीतल्या, म्हणजे वस्तीतल्या, शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे. साप-विंचवाला सगळेच भितात, त्यात विशेष काही नाही. पण तीजा विजेच्या मोठ्या तारांखालून जाताना ओढणी कानांवर घट्ट ओढून घेते, कारण तारा गुणगुणतात. पवनचक्कीच्या पात्याची सावली अंगावरून सरकली की जागच्या जागी थबकते. पहिल्यांदा कालवा पाहिला तेव्हा तर ती काठापासून लांब बसकण मारून राहिली. एवढं पाणी एका जागी, आणि त्याला झाकण नाही! बाकीच्या बायकांनी खिदळत तोंडावर ओंजळी मारून घेतल्या, ही आपली गुडघ्यांना मिठी मारून, "कुणी पडलं तर?" एवढंच विचारत होती.

तिला हसण्यात अर्थ नाही. तिचा बाप जोधपूरकडच्या खाणीत तांबडा दगड फोडायचा. त्या दगडाच्या हवेल्या बघायला लोक कुठून कुठून येतात, जाळीवर हात फिरवून वाहवा करतात. तीजाच्या बापानं तो दगड छातीत भरून घरी आणला आणि खोकून खोकून ऐन उमेदीत गेला. भाऊ मिठागरावर गेला, त्याच्या तळपायांच्या भेगा पुन्हा कधी मिटल्या नाहीत. आमच्या राज्यात जमिनीतून निघत नाही असं काय आहे? संगमरवर निघतो, मीठ निघतं, जिप्सम निघतं, आता बाडमेरकडं तेलही निघालं. फक्त प्यायचं पाणी काढायचं म्हटलं की माणसाला जीव मुठीत धरून खाली उतरावं लागतं. आणि तीजाची सोयरीक जुळली ती नेमकी असं उतरणाऱ्यांच्याच घरी.

सासरा जोगाराम हा चेजारो, म्हणजे कुई खोदणारा. कुई विहिरीसारखी ऐसपैस नसते. माणूस उकिडवा बसेल एवढंच तिचं पोट. वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खाली खडूच्या थरावर अडून राहतं, ओल धरून. तिथवर खणत जायचं आणि खिंप नावाच्या गवताचा जाड दोर वळून, त्याची वेटोळी एकावर एक बसवून भिंत सावरायची. पण शेवटी वाळूच ती. मनात आलं की सुटते.

नवरी होऊन घरात आली त्या दिवशीच तीजाला कोनाड्यात एक पितळी पातेलं दिसलं, एका अंगानं पार चेपलेलं. चेजारो उतरताना डोक्यावर पातेलं उपडं घालतो, वरून खडा पडला तर टाळकं वाचावं म्हणून. हे पातेलं थोरल्या दिराचं, भेराचं. लग्नाच्या आदल्या साली शेजारच्या गावात कुई त्याच्यावर मिटली. त्याला काढला तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. सासूनं पातेलं घासूनपुसून पुन्हा कोनाड्यात ठेवलं, आणि जोगाराम तेच घालून कामावर जायचा.

आता, आमच्यात सून सासऱ्यापुढं बोलत नाही. बोलत नाही म्हणजे हळू बोलते असं नव्हे. तिचा आवाज त्याच्या कानावर पडताच कामा नये. पदर नाकाखाली, आणि तोंडाला कुलूप. जेवण वाढलं की बांगड्या वाजवायच्या. पाण्याचा लोटा ठेवला की बांगड्या वाजवायच्या. फारच अडलं तर पोराबाळाला मध्ये घालायचं, तेही नसलं तर खूण करायची. एकदा घरात चिटपाखरू नव्हतं आणि ताकात पाल पडलेली तीजाला दिसली, जोगारामनं वाटी ओठांशी नेलेली. बांगड्या वाजवून पाल कशी सांगणार? तिनं दाराशी बांधलेली शेळी सोडली आणि तिच्या पाठीत असा रट्टा घातला की ती थेट म्हाताऱ्याच्या मांडीवर. ताक सांडलं, पाल पळाली. जोगाराम संध्याकाळपर्यंत त्या शेळीला शिव्या देत होता. "हिला माझं ताकसुद्धा बघवत नाही, मेलीला!" खरी गोष्ट त्याला आजही माहीत नाही.

पंचवीस-सव्वीस वर्षं अशी गेली. सासू गेली, मुलगी सुगना झाली, शिकली, जोधपूरला नर्सिंगला गेली. जोगाराम बोलायचा भरपूर. बाजेवर पडल्या पडल्या लूणाला, म्हणजे तीजाच्या नवऱ्याला, धंद्यातल्या गोष्टी ऐकवायचा. लूणा फोनमध्ये डोकं घालून बसायचा, आणि सगळं चुलीपाशी तीजा ऐकायची.

"वाळू दगा देत नाही, लूणा. आधी सांगते. आधी दाणा दाणा सोडते. मग धार सोडते. मग खोकते. ती खोकायच्या आत माणूस वर पाहिजे."

"हं."

"हं काय? नीट ऐक. आणि खाली असताना फक्त ओळखीच्या आवाजाला ओ द्यायची. अनोळखी हाक आली तर दम धरून गप्प बसायचं, हलायचंसुद्धा नाही. ती वाळूची हाक. आमच्या भेरानं ओ दिली असणार." इथं त्याचा आवाज खाली यायचा. "नाहीतर जायचा नव्हता तो."

हे त्याला त्याच्या बापानं सांगितलं होतं आणि बापाला त्याच्या बापानं. तीजाच्या अंगावर दर वेळी काटा यायचा.

कुईच्या कामात तिचाही वाटा असायचा. खाली हवा कोंडते, माणूस उकडून निघतो. म्हणून वर बसलेलं माणूस सारखी मूठ मूठ वाळू जोरात खाली फेकत राहतं. वाळूबरोबर ताजी हवा जाते, तापलेली वर येते. या कामाला जोगारामला तीजाच लागायची.

"बीनणीची मूठ बरी," तो लूणाला म्हणायचा. आमच्याकडं सुनेला बीनणी म्हणतात. "एक सैल, एक आवळ. एक सैल, एक आवळ. जात्यावर बसल्यासारखी. खाली कळतं मला, वर आपलं माणूस आहे. तू फेकतोस ती काय मूठ आहे? उकिरड्यावर कचरा टाकतोस!"

कौतुक ऐकून तीजाला बरं वाटायचं, पण ते सैल-आवळ काही कसब नव्हतं. खाली काळोखात ते चेपलेलं पातेलं हलताना दिसलं की तिची मूठ भीतीनं आपोआप आवळायची, आणि पुढची मूठ ती मुद्दाम सैल सोडायची. एवढंच.

मग नळ आला. कालव्याचं पाणी टाकीत आणि टाकीतून ढाणीत. कुया झाकल्या गेल्या, जोगाराम रिकामा झाला, आणि तीजानं त्या वर्षात जेवढी शांत झोप घेतली तेवढी माहेरीही घेतली नव्हती. मागोमाग पवनचक्क्या आल्या. त्यांच्यामागून सोलर कंपनी आली. जिथं शेळ्या चरायच्या ती सगळी जमीन काळ्या फळ्यांनी भरून गेली, वाळूच्या एका टेकाडापासून, धोऱ्यापासून, दुसऱ्या धोऱ्यापर्यंत. उद्घाटनाला मांडव घातला होता. एक मोठे साहेब बोलले की हे राज्य आता मागास राहिलं नाही, हे राज्य धावतंय. टाळ्या झाल्या. तीजा बायकांत बसली होती, शेजारच्या पदमा काकीला हळूच म्हणाली, "धावतंय? मागं काय लागलंय त्याच्या?" काकीनं हसू दाबायला ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

खोटं कशाला बोला, पैसा आला. लूणाला कंपनीत चौकीदारी मिळाली, तीजाला फळ्या पुसायचं काम. घर पक्कं झालं, सुगनाची फी निघाली. तीजा लांब दांड्याच्या फडक्यानं फळ्या पुसायची आणि प्रत्येक फळीला हात लावताना मनात आमच्या वाळवंटातल्या देवाचं, बाबा रामदेवांचं, नाव घ्यायची, कारण आत वीज असते असं तिला कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

दर उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी कालवा बंद ठेवतात. त्याची सवय झाली आहे, टाकीभर पाण्यात दिवस निघतात. यंदा मात्र दुरुस्ती लांबली. टाकीच्या तळाशी हिरवा गाळ उरला. उंट तोंड उघडं टाकून बसू लागले. कंपनीच्या फाटकाआत फळ्या धुवायच्या पाण्याच्या टाक्या भरलेल्या होत्या, गोड्या पाण्याच्या, पण त्यांना कुलूप होतं.

तेव्हा जोगाराम बाजेवरून उठला आणि कोनाड्यातलं पातेलं काढून धोतराच्या सोग्यानं पुसू लागला.

"बापू, वय काय तुमचं?" लूणा म्हणाला.

"मला काय नवरी शोधतोयस? आपली जुनी कुई आहे. गाळ काढू, वेटोळी बदलू, हातभर खाली जाऊ. ओल असणारच."

तीजानं नवऱ्याला गोठ्यामागं गाठलं. "सुगनाचे बापू, त्यांना अडवा. ती कुई आता रस्त्याला लागून आहे. कंपनीच्या गाड्या जातात तिथनं. जमीन कशी हादरते, बघितलंय ना?"

"तुला कालव्याचीही भीती वाटते," लूणा म्हणाला. "ढाणी तहानेनं मरतेय, आणि तुझं आपलं हे."

ती चुलीपाशी परतली.

सकाळीच काम सुरू झालं. दोन लाकडांच्या कैचीवर चाक, चाकावरून दोर, दोराचं दुसरं टोक सांडणीच्या, घरच्या उंटिणीच्या, जिनाला. लूणा सांडणीला पुढं नेई तसा गाळाचा डोल वर येई. तीजा कुईच्या तोंडाशी बसली, पदर छातीपर्यंत, आणि मुठी फेकू लागली. एक सैल, एक आवळ. खालून म्हाताऱ्याच्या आखूड कुदळीचा ठकठक आवाज येत होता, आणि मधूनच त्याची बडबड. वरची वेटोळी कुजून काळी पडली होती. ती बदलायचं काम उद्यावर ठेवलं होतं, आज फक्त गाळ.

ऊन चढलं, तेवढ्यात लूणाचा फोन वाजला. फाटकावरचा ड्रायव्हर ओळखीचा होता. साहेब जेवायला गेलेत, चार छोटी पिंपं भरून नेतोस का, म्हणाला. ढाणीतले उरलेसुरले पुरुष तिकडंच निघाले होते. लूणानं सांडणीला बसवलं, मोहरी, म्हणजे तिच्या नाकातली दोरी, खेजडीच्या बुंध्याला बांधली.

"बापू, आलोच!" तो कुईत ओरडला.

"जा, जा. बीनणी आहे," खालून आवाज आला.

मोटारसायकल धुरळा उडवत गेली. तीजानं मूठ फेकली. आवळ गेली. पुढचीही आवळच गेली. सैल सोडायचं तिला सुचेना.

आणि मग रस्त्यावरून ती गाडी आली. लांबच लांब, कितीतरी चाकांची, वर घराएवढं विजेचं यंत्र बांधलेलं. हळूहळू आली. आधी तीजाच्या गुडघ्यांना कळली, मग कानांना. कैचीचं चाक आपोआप किरकिरलं. गाडी निघून गेली, धुरळा बसला. तीजानं श्वास सोडला आणि आत वाकून बघितलं.

डाव्या अंगाला, कुजलेल्या दोन वेटोळ्यांच्या मधून, एक दाणा सुटला. मग एक. मग दोन.

तिनं बांगड्या वाजवल्या. दोन्ही हात एकमेकांवर आपटून वाजवल्या, एक फुटलीसुद्धा. खाली ठकठक चालूच होती. तिनं रस्त्याकडं बघितलं, ढाणीकडं बघितलं. ऊन होतं आणि काळ्या फळ्या होत्या. माणूस नव्हतं. आत बघितलं तर दाण्यांची धार झाली होती, शिवणीच्या दोऱ्याएवढी.

तीजानं तोंड उघडलं. आवाजच फुटेना. पंचवीस-सव्वीस वर्षं जो आवाज त्या माणसापासून लपवला तो आता मागून येईना. तिनं डोक्यावरचा पदर मागं फेकला, कुईत तोंड घातलं, आणि किंचाळली.

"बापू! वर या! धार सुटलीय!"

ठकठक थांबली.

ती वाट बघत राहिली. दोर हलला नाही. "बापू!" ती पुन्हा ओरडली. "ऐकताय ना? वर या!"

खाली काहीच नाही. बडबड नाही, खोकला नाही, श्वाससुद्धा नाही. आणि मग तीजाला कळलं. त्यानं ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं, म्हणूनच तो हलत नव्हता. बाईचा आवाज, कधीही न ऐकलेला, कुईत घुमून आलेला. तो दम धरून बसला होता. वाळू बोलावतेय असं समजून बसला होता.

"मी बीनणी! तुमची बीनणी!"

पण वाळूही असंच म्हणाली असती. ती जेवढी ओरडेल तेवढा तो आत आत आक्रसून बसेल. धार आता बोटाएवढी झाली होती. तीजा रडायला लागली. रडता रडता तिचा हात सवयीनं वाळूत गेला. मूठ भरली. तिनं ती फेकली, सैल. मग एक, आवळ.

"बापू," ती म्हणाली आणि सैल मूठ टाकली. "वर," आणि आवळ टाकली. "या," सैल. "बापू," आवळ. "मी," सैल. "आहे," आवळ.

पितळेच्या पातेल्यावर वाळू पडल्याचा आवाज येत राहिला.

"बीनणी?" खालून आलं. अगदी बारीक.

"होय! मीच!"

"हा तुझा आवाज आहे?"

"माझाच, बापू! आता काही विचारू नका! डाव्या अंगाला सुटलंय, दोर धरा!"

ती सांडणीकडं धावली, आणि धावताना सारखी ओरडत राहिली, "मी आहे, मी आहे," म्हणजे तो दोर सोडणार नाही. मोहरीची गाठ सुटेना, दातांनी सोडवली. सांडणी मजेत रवंथ करत होती. एरवी तीजा तिच्या मागच्या पायांजवळून जायलाही भ्यायची. "ऊठ! ऊठ माझे आई!" म्हणत तिनं तिच्या मानेवर दोन्ही मुठींनी बडवलं. सांडणी कुरकुरत उठली. दोर ताणला. चाक ओरडलं. एकेक पाऊल, एकेक पाऊल, आणि तीजा उलटी चालत कुईकडं बघत होती.

चेपलेलं पातेलं वर आलं. मग खांदे. तीजानं मोहरी सोडली, धावत गेली, सासऱ्याच्या काखांत हात घातले. ज्या माणसाच्या सावलीवर तिनं कधी पाय दिला नव्हता त्याला तिनं मिठी मारून मागं ओढला. दोघं वाळूत उताणे पडले.

आणि कुई खोकली.

एकदाच, खोलवरून, घसा साफ केल्यासारखी. तोंडातून धुरळ्याचा लोट आला. कैची कलंडली आणि एक लाकूड आत गेलं. जिथं तीजा बसली होती तिथली वाळू सावकाश घसरत खाली गेली. मग सगळं थांबलं. कुई कुठं होती ते सांगताही आलं नसतं, फक्त एक खळगा.

जोगारामचे डोळे वाळूनं भरले होते. तो बसला, पुन्हा पडला, पुन्हा बसला. तीजानं त्याला इतक्या वर्षांत घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. भीती ही फक्त आपलीच गोष्ट असं तिला वाटत आलं होतं.

तिनं पदर ओढला. लोटा त्याच्यापुढं ठेवला आणि बांगड्या वाजवल्या. त्यानं हात पुढं केला, चाचपला, चुकला.

"कुठंय?" तो म्हणाला.

तीजानं पदराआडून सांगितलं, "तुमच्या उजव्या हाताला, बापू."

त्यानं लोटा उचलला. अर्धं पाणी सांडलं. आमच्यात पाणी सांडणाऱ्याला पोरंही माफ करत नाहीत, पण तिनं सांडू दिलं.

"मी दम धरून बसलो होतो, बीनणी," तो म्हणाला. "तू हाका मारत होतीस आणि मी तुला घाबरून खाली बसून होतो. माझ्याच घरातलं माणूस."

लूणा आला तेव्हा पिंपं मोटारसायकलला हेलकावत होती. मागून चार-पाच जण आले, पदमा काकी आली. खळगा बघून लूणाचा चेहरा पांढराफटक पडला. मग नेहमीसारखं झालं. पुरुष गोल करून उभे राहिले, जो तो बोलू लागला. चार पिंपांनी काय होणार? पलीकडच्या धोऱ्याखाली दुसरी कुई आहे, रस्त्यापासून लांब. तिथं उतरायला हवं. उद्याच.

लूणानं बापाच्या डोक्यावरचं पातेलं काढलं, झटकून वाळू पाडली आणि आपल्या डोक्यावर घालून बघितलं. नीट बसलं.

"मी उतरतो," तो म्हणाला.

"नाही."

सगळ्यांनी इकडंतिकडं बघितलं. कोण बोललं ते कुणाला कळलं नाही. लूणाला मात्र कळलं.

तीजा पदराआड उभी होती. इतके पुरुष, निम्मे नात्यानं थोरले दीर. ती सासऱ्याकडं तोंड करून बोलली, कारण बाकी कुणाकडं बघायची तिची छाती नव्हती.

"तुमचा मुलगा उतरणार नाही, बापू. कुणीच उतरणार नाही. मला भीती वाटते."

"अगं, बापूंसमोर—" लूणा म्हणाला.

"मग पाणी कुठून आणायचं?" कुणीतरी विचारलं. तिला एवढंच ठाऊक होतं की ते पातेलं नवऱ्याच्या डोक्यावर नीट बसलं होतं.

"बापू," ती पुन्हा म्हणाली, या वेळी जरा मोठ्यानं.

जोगारामचे डोळे अजून उघडले नव्हते. त्यानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"ओ," तो म्हणाला. मग लूणाकडं हात केला, पातेलं मागून घेतलं आणि मांडीखाली दाबून ठेवलं.